कोपर टेकायची जागा

नाही हो दादा, मी कुठे अडवतेय तुम्हाला? तपासा ना तुमचं कॅबिनेट, हे विषाणूचं कपाट हवा नीट आत ओढतंय का ते; मी आपली या स्टुलावर बसते. बंद करायला लावलंत तर आमचं सगळं काम वाया जाईल, म्हणून जीव खालीवर होतोय, एवढंच. काय म्हणालात? आत काय असतं? उंदराच्या मेंदूतल्या पेशी, आणि त्यांच्यावर सोडलेला विषाणू — घाबरू नका, आज सगळं उचलून ठेवलंय. आणि तुम्हाला वाटतं तसं तो पेशी खातबित नाही हं. गंमत तीच तर आहे! पेशीलाच कळतं, घरात कुणीतरी शिरलंय. मग शेजारीपाजारी वाचावेत म्हणून ती स्वतःच स्वतःला संपवते — निमूटपणे, आकसते, तुकडे होतात, खेळ खलास. कातडीत ठीक आहे हो, तिथे रोज नव्या येतात. मेंदूत कुठून आणणार? एक गेली की तिला जे ठाऊक होतं तेही गेलं. मी विद्यार्थ्यांना सांगते ना — विषाणू नुसता दार वाजवतो, बाकीचं आपलं आपणच करतो!

हां, ती समोरची जाळी. तिथून हवा आत ओढली जाते, तिच्यावर काही ठेवायचं नाही, माहितीय मला. पण तासन्‌तास हात अधांतरी धरून बघा तुम्ही! खांदे भरून येतात. सगळेच टेकतात कोपर, एकटी मीच नाही — काय? कोपर टेकलं की तिथून हवा उलटी बाहेर येते? सरळ तोंडावर? काहीतरीच! बरं, दाखवा धूर सोडून... अहो, पण ती धुराची कांडी जरा लांब धरा, किती जळकट वास! डोकं आधीच ठणकतंय माझं, अंग कसकसतंय परवापासून — विझवा, विझवा म्हणते ना!

पेटवलीच नाही?

मग तुम्हाला येत नाहीये वास? अजिबात? दूध करपल्यासारखा... काल घरीही येत होता. सासूबाईंवर ओरडले मी, गॅस बंद करा म्हणून — आणि गॅस बंदच होता. त्यांनी लेकीकडे बघितलं, लेकीने माझ्याकडे. मी आपली हसले. मग लेकीला हाक मारायला गेले, तर नाव पटकन ओठांवर येईना. होतं हो असं, दमलं की! आठवलं ना नंतर. तिचं नाव... सांगते ना. दोन अक्षरी आहे. मीच ठेवलंय, भांडून ठेवलंय —

असं बघू नका माझ्याकडे.

त्या जाळीवरूनच आला असणार तो, नाकातून वर, माझ्याच डोक्यात. दादा, निघा तुम्ही. सामान राहू द्या, हात धुवा, साबणाने. बाहेर आमचे साहेब असतील, त्यांना म्हणावं आत येऊ नका, आधी दवाखान्याची गाडी बोलवा. याच्यावर औषध आहे, आजच सुरू झालं तर... भीती वाटतेय हो मला. उशीर झाला तर नावच काय, लेकच जाईल माझ्यातून, आणि मला कळणारसुद्धा नाही. उभे काय राहिलात? जा ना! मी आठवते तोवर.