बारा जणांची यादी

छोट्या: ...मी सांगतो ना, या कोचच्या डोक्यात भुसा भरलाय. एकोणीस पॉइंटांनी मागे आहोत, टाइमआउट घेतला, आणि सांगतो काय, तर पाणी प्या.

ताई: तो काय सांगत होता ते तुला कसं कळलं?

छोट्या: बाटली होती हातात. पाणी प्या, हेच सांगत असणार. दुसरं सुचतंय काय त्याला?

ताई: पुढे बघ. सरकली गाडी.

छोट्या: वीतभर सरकली. एवढ्यासाठी हँडब्रेक काढायचा का? दाजी, ठीक आहात ना मागे?

दाजी: आहे ठीक.

छोट्या: चादर जरा डोक्यावरून घ्या. शेजारचा तो लाल शर्टवाला सारखा इकडे बघतोय.

ताई: अरे, श्वास तरी घेऊ देत त्यांना.

(स्टेडियमचं सहा मजली पार्किंग. मॅच संपून तास होत आला. हजारभर गाड्यांना बाहेर पडायला फाटक एकच, आणि त्याचा दांडा अर्धा वर जाऊन अडकलेला. तिसऱ्या मजल्याच्या उतारावर छोट्याची गाडी. छोट्या पाट्या रंगवून पोट भरतो, पण कुणी विचारलं तर सांगणार, मी चाहता मंडळाचा अध्यक्ष. शेजारी त्याची थोरली बहीण, दवाखान्यात एक्स-रे काढते. मागच्या सीटवर चादरीखाली तिचा नवरा, म्हणजे टीमचा कॅप्टन, वय सदतीस. टीमच्या बसमध्ये तो चढलाच नाही. बसभोवती फार लोक होते, असं त्याने मेहुण्याला सांगितलं. मेहुण्याचा विश्वास बसला. दाजींनी सांगितलं आणि छोट्याचा विश्वास बसला नाही, असं आजवर झालेलं नाही.)

छोट्या: छत्तीस मिनिटं. चाळीसपैकी छत्तीस मिनिटं पळवलं तुम्हाला. माणूस आहे का कोण आहे तो?

ताई: मग उतरवायचं कुणाला यांच्या जागी?

छोट्या: तेच तर म्हणतोय मी. आहे कोण दुसरं? तो लंबू? त्याच्या हातात चेंडू आला की आपण कुठल्या बाजूचे हेच विसरतो तो. बास्केटखाली उभे राहणारे सहा जण भरलेत टीममध्ये, सहा. भिंत बांधायचीय का? आणि चेंडू घेऊन पुढे जायला एकटे दाजी. ही काय टीम झाली? उरलंसुरलं गोळा करून आणलंय.

ताई: हळू बोल. काच उघडी आहे.

छोट्या: ऐकू दे की. सगळे हेच बोलतायत. आणि तो डावखुरा. एकतीस पॉइंट मारले त्याने आज आपल्यावर. एकतीस. हाच पोरगा मागच्या वर्षी आपल्याकडे यायचा होता. बॅग घेऊन आला होता, दोन दिवस सराव केला होता. कुणी हाकललं त्याला? याच कोचने.

दाजी: कोचने नाही.

छोट्या: नाहीतर कुणी?

ताई: अहो, राहू द्या ना आता.

छोट्या: नाही, सांगू दे ना. कुणी, दाजी?

दाजी: बारा जणांची यादी असते, छोट्या. तेरावा बसत नाही तिच्यात.

छोट्या: ते मला ठाऊक आहे. मग त्या सहा खांबांमधला एक कमी करायचा होता. जाऊ दे. आता फार दिवस नाहीत त्याचे. बंदोबस्त केलाय मी.

ताई: कसला बंदोबस्त?

छोट्या: कापड सोडलंय.

ताई: कसलं कापड?

छोट्या: मागच्या रविवारी हरलो ना, त्याच आठवड्यात रंगवून ठेवलं होतं. म्हटलं अजून एक हरू दे. आज मॅच संपली आणि सहाव्या मजल्यावर नेऊन दिलं आपल्या पोरांकडे. गाड्या अडकल्यात, लोक रिकामे बसलेत, रागात आहेत. याहून चांगला मोका मिळेल का? गाडीगाडीला सह्या घेत खाली येतंय. इथपर्यंत येईस्तोवर हजार होतील.

दाजी: काय लिहिलंयस त्यावर?

छोट्या: ‘कोच बदला’. फूटभर अक्षरं, लाल रंगात. बाकी सगळं मोकळं, सह्यांना. तुमच्या वेळचं चाळीस मीटर होतं, हे तीसच आहे. एवढंच मिळालं.

दाजी: थांबव ते.

छोट्या: काय?

दाजी: फोन कर कुणाला तरी आणि थांबव.

छोट्या: इथे रेंज कुठाय, दाजी? आणि थांबवू कशाला? तुमच्यासाठी तर करतोय. तुमचे हाल बघवत नाहीत मला. शेवटच्या क्वार्टरमध्ये तुम्ही कंबरेवर हात ठेवून उभे राहिलात ना, मला रडू आलं खरंच.

दाजी: माझ्यासाठी म्हणून आता काही करू नकोस, बाबा.

छोट्या: म्हणजे?

ताई: अहो.

दाजी: बोलू दे ग. किती दिवस दाबून ठेवायचं? छोट्या, मागच्या वर्षी ते चाळीस मीटरवालं कापड तू घेऊन आलास. ‘कॅप्टन हवाच’.

छोट्या: चार हजार दोनशे सह्या. व्यवस्थापन तुम्हाला काढायला निघालं होतं, आम्ही वाकवलं त्यांना. पेपरात फोटो आला होता. दुकानात लावलाय मी.

दाजी: कुणी काढत नव्हतं मला. मी सोडणार होतो.

छोट्या: कधी?

दाजी: त्याच आठवड्यात. कोचला जाऊन सांगितलं होतं, गुडघा संपलाय, आता बास. तो म्हणाला, बरं केलंस बोललास. त्यानेच खटपट करून त्या डावखुऱ्याला बोलावलं, माझ्या जागेवर. मी दोन दिवस शिकवलं त्याला. कुठे वळायचं, लंबूला पास कसा द्यायचा. शुक्रवारी सगळ्यांना सांगायचं ठरलं होतं.

छोट्या: आणि आम्ही गुरुवारी कापड आणलं.

दाजी: गुरुवारी.

छोट्या: ताई, तुला ठाऊक होतं?

ताई: यांचा एक्स-रे कोण काढतं? मीच ना? तीन काढले वर्षात. हाडाला हाड लागलंय. दोनदा पाणी काढलं गुडघ्यातलं. आज बसमध्ये का नाही चढले, माहीतंय? लोक होते म्हणून नाही. पायऱ्या चढवेनात.

छोट्या: मग मला का नाही सांगितलंस तू?

ताई: दिवसभर उन्हात ते कापड घेऊन दारोदार फिरलास. घरी आलास तेव्हा हाताला रंग, नाकाला रंग. ताई, दाजींना वाचवलं म्हणालास. काय सांगायचं होतं मी?

छोट्या: दाजी, तुम्ही तरी नाही म्हणायचं. तिथल्या तिथे. मी ऐकलं असतं.

दाजी: ड्रेसिंग रूमच्या दारापासून गेटपर्यंत पसरलं होतंस तू. मी वाचत वाचत चाललो होतो. तुमच्या आईची सही होती त्यात. अक्षर हललेलं. खाली लिहिलं होतं, जावईबापू, थांबा. आता सासूबाईंना नाही कसं म्हणायचं?

छोट्या: आई कुठेही सही करते. तिला कागद दिसला की झालं.

दाजी: तेव्हा हसू आलं नाही मला. कोच शेजारी उभा होता. हळूच म्हणाला, बोल. आत्ता बोल, नाहीतर फसशील. आणि फोटोवाला म्हणाला, कॅप्टन, इकडे. मी फोटोला उभा राहिलो.

छोट्या: आणि तो डावखुरा?

दाजी: संध्याकाळी बॅग उचलून गेला. जाताना पाया पडला माझ्या.

छोट्या: अरे देवा.

दाजी: वर्षभर लोक कोचला शिव्या घालतायत, म्हाताऱ्याला का पळवतोस, दुसरा का नाही आणलास. त्याच्या बायकोला दुकानात टोमणे मारतात. त्याने एक शब्द बोलायचा होता. कॅप्टन स्वतःच सोडणार होता, एवढंच. बोलला नाही. आणि आज तू त्याच्या नावाने कापड फिरवतोयस.

छोट्या: मला काही कळेनासं झालंय, दाजी. लाज वाटतेय. वर्षभर मी घसा फोडून ओरडतोय त्याच्यावर, आणि हे सगळं मीच करून ठेवलंय.

ताई: एकट्याने नाही केलंस. आम्ही तोंड मिटून बसलो ना.

छोट्या: आता काय करायचं?

दाजी: उद्या पुढच्या वर्षाची यादी जाते वर, व्यवस्थापनाकडे. आज मॅचनंतर कोचने बाजूला घेतलं मला. म्हणाला, या वेळी मी तुझं नाव आपणहून गाळलं तर लोक माझं घर जाळतील. तू सांग. सकाळी दहाच्या आत फोन कर, बाकीचं मी बघतो.

छोट्या: मग करा की फोन.

दाजी: करणार आहे. तुझी भीती वाटत होती, म्हटलं तुला आधी सांगावं.

छोट्या: माझी भीती? कोर्टवर दोन मीटरच्या माणसांना धडका देता, आणि माझी भीती वाटते?

दाजी: ती माणसं माझ्यासाठी सह्या गोळा करत नाहीत.

ताई: आज पहिल्यांदा बोलले रे हे. वर्षभर नुसतं छताकडे बघत पडायचे.

छोट्या: ठरलं तर. ते कापड इथे येऊ दे. मी काच खाली करतो आणि सगळ्यांना सांगतो. कोचचा दोष नाही, आपलाच आहे, कॅप्टनला आता घरी जाऊ द्या. अध्यक्ष आहे मी, माझं ऐकतील. कापड गुंडाळून डिकीत टाकतो.

दाजी: सांगशील?

छोट्या: आईशप्पथ.

ताई: सुटी घेऊ आपण आठ दिवस. ऑपरेशनचं बघू. जिने चढायला लागलात तरी पुष्कळ झालं मला.

दाजी: मी घरी बसून मॅच बघणार. पाय उशीवर ठेवून. आणि कोचला शिव्या देणार.

ताई: हसले बघ. छोट्या, हसले.

छोट्या: चादर घ्या, दाजी. चादर घ्या. आलं कापड.

ताई: कोण आहे?

छोट्या: मास्तरीणबाई. पहिल्या रांगेत बसून रेफरीच्या चुका वहीत मांडतात त्या. शाळा सुटली, सवय सुटली नाही.

मास्तरीणबाई: अध्यक्ष, धरा हो हे टोक. आठशे चाळीस झाल्या. मोजत आणलंय मी. दोघांनी सहीऐवजी नुसतंच अंगठ्याचं चित्र काढलं, त्या धरल्या नाहीत.

छोट्या: बाई, तुम्हाला एक सांगायचं होतं.

मास्तरीणबाई: सांगा की. आधी धरा, लोंबतंय खाली. हा मार्करही वाळत आला. कोण आहे हो मागे? बरं नाही का कुणाला?

ताई: डोकं दुखतंय त्यांचं.

मास्तरीणबाई: हे बूट कुणाचे आहेत ते मला न सांगता कळतं. कॅप्टन? तुम्ही?

दाजी: नमस्कार, बाई.

मास्तरीणबाई: झोपा, झोपा. उठू नका. मी कुणाला सांगत नाही. लोक गाडी उचलून नेतील नाहीतर. काय खेळलात हो आज. शेवटपर्यंत एकटे. मी म्हटलं शेजारच्याला, हा माणूस पडेल पण सोडणार नाही.

दाजी: बाई, आज आम्ही हरलो.

मास्तरीणबाई: तुम्ही नाही हरलात. त्याने हरवलं. यावर तुम्ही सही करू नका हं, त्याच्या हाताखाली खेळायचंय तुम्हाला. तुमची अडचण कळते मला. मला फक्त एक सांगा. पुढच्या वर्षी आहात ना?

छोट्या: बाई, दाजींचं असं आहे की...

मास्तरीणबाई: तुम्ही थांबा, अध्यक्ष. ज्याला प्रश्न विचारलाय तो उत्तर देईल. त्याचं काय आहे, कॅप्टन, माझे दोन्ही डोळे गेल्यात जमा आहेत, मोतीबिंदू. जवळचं तेवढं दिसतं, लांबचं सगळं धुकं. आज तुम्ही म्हणजे नुसता पांढरा ठिपका दिसत होतात. चालीवरून ओळखलं मी. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, आणि मी दोन वर्षं टाळतेय, भीती वाटते. पण तुम्ही असाल तर करून टाकते या महिन्यात. निदान एक वर्ष तुम्हाला नीट बघून घेते. नसाल तर राहिलं, मला बघायचंय काय दुसरं? आहात ना?

ताई: अहो, बाई काय विचारतायत.

दाजी: आहे की.

मास्तरीणबाई: बास. झालं माझं काम. घरी जाऊन दवाखान्यात नाव देते. तुम्ही काय सांगत होतात, अध्यक्ष?

छोट्या: मी?

मास्तरीणबाई: एक सांगायचंय म्हणालात.

छोट्या: काही नाही. मार्कर वाळलाय म्हणालात ना. हा घ्या. नवा आहे.

मास्तरीणबाई: शहाणे आहात. सोडा ते टोक. लाल शर्ट, ओ लाल शर्ट, इकडे धरा.

ताई: काय दिलंस तू त्यांना?

छोट्या: ताई, तू बघितलेस ना त्यांचे डोळे? कसं सांगणार होतो मी?

ताई: आईची शपथ घेतली होतीस.

दाजी: त्याला बोलू नकोस. मला विचारलं होतं त्यांनी.

ताई: बरं, जाऊ दे. एका बाईला बरं वाटावं म्हणून बोललात, समजलं मला. दहापर्यंत वेळ आहे. घरी गेलो की कोचला फोन करा.

दाजी: काच वर घे, छोट्या.

ताई: अहो, मी काय म्हणते? फोन कराल ना?

दाजी: नाव काढायचं असेल तर फोन करायचा. राहू द्यायचं असेल तर काही करावं लागत नाही.