पॅडलवरचा पाय

सुमती : अजी, मी ‘दाबा’ म्हटलं की ब्रेकचं पॅडल दाबायचं अन् दाबून धरायचं. ‘सोडा’ म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. एवढंच काम आहे तुमचं.

मधुकरराव : एवढंसं काम, मग ओरडते कशाला? सगळ्या नंदनवन कॉलनीला कळून राहिलं, मधुकरराव बायकोच्या हाताखाली लागले म्हणून.

सुमती : मी डॉज गाडीच्या खाली पाठीवर निजली आहे, अन् तुम्ही वरती गादीवर बसले. ओरडल्याशिवाय ऐकू येईल का तुम्हाले? दाबा.

मधुकरराव : दाबलं.

सुमती : धरा... धरा... हं, आलं ऑइल. बुडबुडेच बुडबुडे आहेत बाटलीत. नट आवळला. सोडा आता.

मधुकरराव : सोडलं. झालं?

सुमती : झालं कुठून? चारी चाकांच्या ब्रेकमधली हवा काढायची आहे. हे पहिलं, मागचं डावं. लायनीत हवा राहिली तर ऐन वेळेवर पॅडल तळाले जाते अन् गाडी थांबत नाही. दाबा.

मधुकरराव : दाबलं. रुपराव असता तर पॅडलवर कोण बसलं असतं?

सुमती : मी बसली असती, नाही तर तो. धरा.

मधुकरराव : म्हणजे मी कुठंच नाही.

सुमती : तुम्ही आतमध्ये पेपर वाचत बसले असते. दर रविवारी तेच तर करत होते. सोडा.

मधुकरराव : पेपर वाचत नव्हतो मी.

सुमती : मग?

मधुकरराव : ऐकत होतो. पेपर तोंडासमोर धरून ऐकत होतो. ‘फार्गो ट्रकचा ब्रेक सिलिंडर आपल्या डॉजमध्ये बसते का गा, रुपराव?’ ‘बसते ना, नाही बसला तर घासून बसवू.’ आणि त्यावर दोघं हसायचे! त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून समजलं नाही.

सुमती : बसला ना पण तो सिलिंडर! त्याच्याच पॅडलवर तुमचा पाय आहे. दाबा.

मधुकरराव : दाबलं. त्याला ‘गा’ म्हणते, मला ‘अजी’.

सुमती : नवऱ्याले कोणी ‘गा’ म्हणते का? नीट धरा, पाय हलून राहिला तुमचा.

मधुकरराव : त्याच्या चहात आलं. माझ्या चहात नाही.

सुमती : आल्यानं तुमची छाती जळते.

मधुकरराव : छाती जळायला आलंच लागतं असं नाही.

सुमती : सोडा. अजी, काय लावलं आज सकाळपासून? माणूस माझ्या बापूजींच्या गॅरेजात लहानाचा मोठा झाला. बापूजींले लकवा मारला, गॅरेज बंद पडलं, अन् ही डॉज तिथं पावसात सडून राहिली होती. तेव्हा ट्रकले साखळी बांधून यानंच ओढून आणली इथपर्यंत. दोन वर्षं झाली, स्वतःचं सदरचं गॅरेज सोडून दर रविवारी येत होता. वायरिंग सगळी नवी टाकली, सहा व्होल्टाची बारा व्होल्ट केली, इंडिकेटर लावले. लोकं म्हणत होते, पेट्रोल एवढं महाग झालं, डिझेल इंजिन टाका. बापूजींनी नाही म्हटलं, तर यानं जुनंच इंजिन पुरं उघडून नवं केलं. तुमचं काय बिघडवलं त्यानं?

मधुकरराव : मी कुठं म्हणतो बिघडवलं? मी आपला पॅडल दाबून राहिलो.

सुमती : न सांगता दाबू नका ना! मी ‘दाबा’ म्हटलं का?

मधुकरराव : नाही.

सुमती : मग? चला, हे चाक झालं. मी उजवीकडं सरकते. डॉजच्या खाली किती जागा आहे पाहा, संसार मांडता येईल.

मधुकरराव : मांडलाच आहे.

सुमती : काय म्हटलं?

मधुकरराव : काही नाही. दाबू का?

सुमती : दाबा. धरा. महिना होत आला, तो फाटकातही आला नाही. मले तर वाटते, माझंच काही चुकलं. मागल्या खेपेस मी त्याले म्हटलं, तुझं वेल्डिंग पाहून बापूजींनी पाना फेकून मारला असता. गमतीनं म्हटलं मी. पण लागलं असंल त्याच्या मनाले. सोडा.

मधुकरराव : कामं असतील त्याला.

सुमती : कामं असली तरी माणूस निरोप पाठवते. आज हे झालं की मी सदरले जाऊन येते. विचारतेच त्याले.

मधुकरराव : काही गरज नाही.

सुमती : काहून?

मधुकरराव : उद्या दसरा आहे. गॅरेजमध्ये पूजेची गडबड असेल. कशाला मध्ये मध्ये?

सुमती : दसरा आहे म्हणूनच जायचं. बापूजी खुर्चीत बसल्या बसल्या एकच विचारतात, डॉज चालू झाली का. उद्या मी स्वतः चालवत नेणार अन् त्यांच्या दारात उभी करणार. आपले पोट्टे कालपासून त्यांच्याकडंच आहेत, फाटकावर बसले असतील तिथं. अन् तिथं रुपराव नाही, असं कसं चालंल? दाबा.

मधुकरराव : दाबलं. अगं, हे तर तळाला गेलं!

सुमती : ऑइल कमी झालं असंल. पायाजवळची चटई उचला, खाली पत्र्याचं झाकण आहे. ते काढा अन् डब्यातलं ऑइल ओता. सांडवू नका.

मधुकरराव : ओतलं. काठापर्यंत आलं.

सुमती : डबा द्या इकडं, खिडकीतून. बाकी चाकांले पुरते का पाहते.

मधुकरराव : पुरेल, पुरेल. तू तुझं काम कर.

सुमती : द्या म्हटलं ना. ...हा डबा तुम्ही कुठून आणला म्हणाले होते?

मधुकरराव : सदरहून.

सुमती : कोण्या दुकानातून?

मधुकरराव : तेच आपलं. चौकातलं.

सुमती : दुकानदार अर्धा डबा विकून राहिले का आता? मी पंधरा दिवस गावभर फिरली, ब्रेक ऑइल नाही म्हणत होते सगळे.

मधुकरराव : माझ्या ओळखीचा आहे तो.

सुमती : सकाळी घाईत मी पाहिलंच नाही. झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं वायसर कापून बसवलं आहे.

मधुकरराव : कंपनीनं बसवलं असेल.

सुमती : कंपनी सायकलची ट्यूब कापत बसत नाही. हे ऑइल हवेतलं पाणी ओढते, म्हणून डबा एकदा उघडला की बापूजी असं वायसर लावायचे. त्यांच्यापासून हे दोघंच शिकले. एक मी.

मधुकरराव : सुमती...

सुमती : दुसरा कधी आला होता?

मधुकरराव : तू दळण आणायला गेली होती, त्या रविवारी.

सुमती : अन् काय म्हटलं तुम्ही त्याले?

मधुकरराव : म्हटलं, आता येत जाऊ नका.

सुमती : तुम्ही म्हटलं?

मधुकरराव : म्हटलं, सुमतीनंच सांगितलं आहे.

सुमती : माझं नाव घेतलं!

मधुकरराव : माझं नाव घेतलं असतं तर तो थांबला नसता. तुझं ऐकतो तो.

सुमती : वा रे वा! महिनाभर मी स्वतःलेच खाऊन राहिली, काय बोलली, काय चुकलं म्हणून. तुम्ही रोज पाहत होते. परवा मी रडली, तर पाठीवरून हात फिरवला तुम्ही! ‘येईल, येईल’ म्हटलं!

मधुकरराव : म्हटलं.

सुमती : लाज नाही वाटली?

मधुकरराव : वाटली. पण लाजेपेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटत होतं. रविवारी सकाळी फाटक वाजलं नाही, की मी खुशीनं पिशवी घेऊन निघायचो.

सुमती : म्हणून जिलेबी! दर रविवारी जिलेबी येऊन राहिली घरात, अन् मी येडी, मले वाटलं माझं मन रमावं म्हणून आणतात.

मधुकरराव : तेही होतं त्यात.

सुमती : डबा फेकून दिला असता तर मले जन्मात समजलं नसतं.

मधुकरराव : फेकवला नाही. हिंगण्याच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो मी. चांगला माल फेकायची सवय नाही. पलंगाखाली ठेवला होता. आज तू ऑइल नाही म्हणून कपाळाला हात लावून बसली, तर राहवलं नाही.

सुमती : दाबा पॅडल.

मधुकरराव : आत्ता?

सुमती : आत्ताच. दसरा काही तुमच्यासाठी थांबणार नाही. दाबा!

मधुकरराव : दाबलं. सुमती, एकच विचारतो.

सुमती : धरा. नट उघडा आहे.

मधुकरराव : काही होतं का तुमच्या दोघांत?

सुमती : होतं.

(पॅडल एकदम वर येतं.)

सुमती : पाय काहून उचलला? नट उघडा आहे म्हटलं ना! ओढली ना हवा आत! अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात घातली. दाबा पुन्हा.

मधुकरराव : दाबलं. आता सांग. पाय उचलत नाही.

सुमती : लग्नाच्या आधीचं आहे. बापूजींनीच त्याले विचारलं होतं, याच गाडीच्या बाजूले उभं राहून. माझी सुमती करतो का म्हणून. तो म्हणाला, घरी विचारून सांगतो. मी खिडकीत उभी होती. सोडा. दाबा.

मधुकरराव : मग?

सुमती : मग काही नाही. सांगायले आलाच नाही. रोज कामावर यायचा, पाने पुसून ठेवायचा, माझ्याकडं पाहायचा नाही. अख्खा उन्हाळा वाट पाहिली मी. पावसाळ्यात तुम्ही आले पाहायले.

मधुकरराव : म्हणजे त्यानं नाही म्हटलं म्हणून मी.

सुमती : नाहीही म्हटलं नाही त्यानं. नाही म्हटलं असतं तर एक दिवस रडून मोकळी झाली असती. सोडा.

मधुकरराव : आणि अशा माणसाला दोन वर्षं घरात आणलं तू.

सुमती : डॉज ओढून आणायले दुसरं कोण होतं? अन् हो, बरं वाटत होतं मले. खोटं काहून बोलू? तो यायचा त्या दिवशी मी अंबाडा जरा नीट बांधायची. तेवढंच. त्याच्या पुढं कधी गेली नाही, मनातही नाही.

मधुकरराव : अंबाडा मी पाहिला होता.

सुमती : पाहिला होता, तर तेव्हाच म्हणायचं.

मधुकरराव : काय म्हणायचं? बायकोच्या अंबाड्यावर भांडायचं? मले काही येत नाही, सुमती. फ्यूज गेला तर शेजारच्याले बोलवतो मी. तुम्ही दोघं इंजिनात डोकं घालून उभे राहायचे, अन् मले नुसत्या दोन पाठी दिसायच्या. त्यातली एक आपली आहे, हे काय ओरडून सांगू? जळत होतो मी. आत्ताही जळून राहिलो. पंधरा वर्षं जुना उन्हाळा आहे, तरी जळून राहिलो.

सुमती : दाबा.

मधुकरराव : दाबलं.

सुमती : येऊ नका म्हटलं, तर तो काय म्हणाला?

मधुकरराव : बरं, म्हणाला.

सुमती : अन्?

मधुकरराव : डबा पायरीवर ठेवला. फटफटीला किक मारली. गेला.

सुमती : काहून म्हणून विचारलं नाही?

मधुकरराव : नाही.

सुमती : सुमतीले बोलवा, तिच्या तोंडून ऐकतो, असं काही?

मधुकरराव : नाही. मी सगळी तयारी करून ठेवली होती. हे विचारलं तर हे सांगू, ते विचारलं तर ते. सकाळपासून पाठ करत होतो. त्यानं काहीच विचारलं नाही.

सुमती : फाटकातून मागं वळून पाहिलं असंल.

मधुकरराव : नाही पाहिलं. खरं सांगू? मलाच राग आला त्याचा. मी असतो तर फाटक धरून बसलो असतो.

सुमती : तुम्ही तर बसलेच असते.

(गाडीखाली पाना खाली पडल्याचा आवाज येतो.)

मधुकरराव : सुमती? मी दाबूनच आहे. नट आवळला का?

सुमती : आवळला.

मधुकरराव : पॅडल आता टणक लागून राहिलं. खाली जातच नाही.

सुमती : हे चाक झालं मग. पुढची दोन राहिली.

मधुकरराव : बाहेर ये जरा.

सुमती : येते.

मधुकरराव : रडून राहिली?

सुमती : ऑइल गेलं डोळ्यात.

मधुकरराव : त्याच्यासाठी रडते का? तेवढं तरी सांग मले.

सुमती : विचारा, विचारा. तुम्ही तरी विचारता.

मधुकरराव : मी जाऊ का सदरला? सांगतो त्याला, ते सुमतीनं नव्हतं म्हटलं, मी म्हटलं होतं. उद्या बापूजींकडे ये म्हणतो.

सुमती : जा. सांगायचं तर तुम्हीच सांगा. यायचं का नाही ते त्याचं तो पाहील. मी काही आता वाट पाहत नाही.

मधुकरराव : मग पाय सोडू का?

सुमती : नका सोडू. जरा वेळ धरून ठेवा.