पाण्यातले जंतू

...नाही, पण पाण्यातले जंतू म्हणालो तर माझं काय चुकलं? मुलगी पीएचडी करते म्हटल्यावर लोक विचारणारच, 'शांताराम, हेमांगी कशावर संशोधन करते?' आता बायकांच्या त्या जागेतला जंतू, हे मी जिन्यात उभं राहून कसं सांगू? म्हणून म्हटलं, पाण्यातले. आणि वसईत टँकरवर जगणारी आमची सोसायटी, जो तो बाटली भरून दारात! पहिल्या मजल्यावरची हिल्डा तर कळशीच घेऊन आली, 'हेमांगीला बोल, यात काय वळवळते ते बघ.' तोंड कुठे लपवायचं, सांगा.

बरं, एवढ्यावर थांबतील तर ना... सव्वीस जानेवारीला पोरीचा सत्कार ठेवला. सेक्रेटरी माइकवर, 'आपल्या पाण्याची काळजी वाहणारी ही कन्या...' हेमांगी उठली, शाल सावरली आणि शांतपणे म्हणाली, 'काका, पाण्यातले नाहीत. शरीरसंबंधातून पसरणारा परजीवी आहे. बाबा सांगायला लाजले असतील.' सगळ्या माना माझ्याकडे. तोंड कुठे लपवायचं?

आणि ही बोलतेच आहे. म्हणे हे सगळे परजीवी एका वंशाचे नसतात, एकाच गावात वेगवेगळे सापडतात, काहींच्या आत जिवाणू राहतात, काहींच्या आत विषाणू, आणि कोणाच्या आत काय आहे त्यावर बाईला त्रास किती ते ठरत असावं, तेच ती शोधतेय. तेवढ्यात हिल्डा उठली, 'नवऱ्याला तर कायच होत नाय, मग?'

'बऱ्याचदा होत नाही, पण त्याच्याकडे असू शकतो. म्हणून गोळ्या दोघांनी घ्यायच्या. एकट्या बाईने घेतल्या तर पुन्हा होतं.'

पुरुषमंडळी गच्चीवरच्या टाक्या निरखायला लागली.

कार्यक्रम संपला आणि बायका आमच्या घरात शिरल्या. मला बाहेर काढलं, दार लावलं. आत नुसती कुजबुज. हिल्डाचा नवरा कॉन्रॅड माझ्याशेजारी उभा, चपलेने फरशी घासत. मी म्हटलं, काय कॉन्रॅड. तो म्हणाला, काय नाय.

शेवटची बाहेर आली ती विनया. आमची विनया, माझी बायको. डोळे लाल. म्हणाली, 'उद्या दवाखान्यात जायचंय. दोघांनी.' मी म्हटलं, तुला काय झालंय? तर म्हणाली, 'किती वर्षं सांगत होते तुम्हाला. तुम्ही म्हणायचात, उष्णता असेल, सब्जा घे.'

...म्हणायचो हो. पेपरातून मान वर न करता म्हणायचो. इतके दिवस मला लाज वाटत होती ती पोरीच्या विषयाची. त्या क्षणी जी वाटली ना, ती निराळी होती. त्या वेळी तोंड लपवायचं सुचलंसुद्धा नाही.

गेलो दुसऱ्या दिवशी. विनया आत, मी बाहेर बाकावर. शेजारी कॉन्रॅड, पलीकडे सेक्रेटरी, कोपऱ्यात तिसऱ्या मजल्यावरचा परेश. निम्मी बी विंग त्या बाकावर बसली होती, आणि तुम्हाला सांगतो, कोणीही कोणाला ओळखत नव्हतं.