यल्ला म्हणायची लाज

शारजात कागदाच्या कारखान्यात नवीन लागलो होतो ना, तेव्हाचं सांगतो. ओल्या कागदाची शेपटी, म्हणजे पुढची अरुंद पट्टी, तापलेल्या ड्रायरमध्ये सोडायची आणि ‘यल्ला!’, म्हणजे अरबीत ‘चल!’, असं ओरडायचं, की पलीकडच्या टोकाला वसईचा विल्सन ती धरणार. मी ओरडायचो, पण ते फक्त मलाच ऐकू यायचं. दोनदा पलीकडे कागदाचा ढीग झाला.

आमच्या मशीनचे मुख्य कारागीर, उस्ताद, म्हणाले, “भाई, मुँह में कागज भरा है क्या? इस बार भी गया, तो कल से पॅकिंग में!”

तिसऱ्यांदा मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. शेपटी थेट विल्सनच्या हातात. उस्ताद कान चोळत हसले, “खलास, हो गया काम! तू पक्का!”

मशीनवर पक्का झालो खरा, पण कॅन्टीनमध्ये अजून आवाज फुटत नाही. हा चहासुद्धा विल्सननेच मागवलाय.