वाफोबा

त्र्यंबकराव : बूट काढू? बॉयलरखान्यात? भाऊसाहेब, खाली निखारे पडलेत.

भाऊसाहेब : तसं नव्हे, त्र्यंबकराव. समोर देव आहे म्हणून म्हटलं. गेल्या वर्षीच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी आपणहून बूट काढले, नमस्कार केला, आणि बाहेर चहा घेता घेता सर्टिफिकेटवर सही केली. कसली कटकट नाही.

त्र्यंबकराव : ते रिटायर झाले. आता मी आलोय. कुठे आहे देव?

राघो : त्यो काय, सायेब, वर. दांड्याच्या टोकाला लटकलाय. वाफोबा.

त्र्यंबकराव : तू कोण?

राघो : राघो. हितला फायरमन. ह्याच कलवा गावचा हाय. आदी मिठागरावर व्हतो, आथा या रंगाच्या कारखान्यात कोलसा मारतो.

त्र्यंबकराव : बरं राघो, तो दांडा कशाचा, माहीत आहे?

राघो : सेफ्टी वॉलचा. वाफ जास्ती झाली का दांडा उचलतो आन् वाफ भायेर सोरतो.

त्र्यंबकराव : आणि शेवटचा कधी उचलला?

राघो : वाफोबा बसल्यापास्नं एकदाबी नाय. म्हनून तं मानतो आमी त्याला. आदी सारखा फुसफुसायचा, कान बधिर व्हायचे. वाफोबा आला न् बॉयलर गप झाला.

त्र्यंबकराव : गप झाला. भाऊसाहेब, काट्याकडे बघा. बॉयलर जुना, पत्रा झिजलेला, म्हणून आमच्या खात्याने वाफेचा दाब साठ पौंडांच्या वर न्यायला मनाई केली आहे. काटा पंच्याहत्तरवर आहे, आणि व्हॉल्व्ह ढिम्म हलत नाही.

भाऊसाहेब : तो काटा जरा पुढेच दाखवतो हो.

त्र्यंबकराव : शेजारी मी माझा लावलाय, तोही तेच दाखवतोय. राघो, भट्टीचं दार उघड, धुराड्याची झडप लाव. आता कोळशाला हात लावायचा नाही. आणि सांग, हा देव बसवला कुणी?

राघो : भाऊसायेबांनी. दोन वर्सांमागं, दिवालीच्या आदी कामाची लय घाई व्हती, तवा. आमी सकाली आलो तं बसलेला. शेंदूर लावलेला, हार घातलेला. सायेब म्हनले, सपनात आला, हितंच बसीव म्हनाला. कोनी हात लावायचा नाय.

भाऊसाहेब : श्रद्धेचा विषय आहे, त्र्यंबकराव. हे साधे लोक. त्यांचा देव हलवलात तर कारखाना पेटेल. तुम्हीही संध्या करणारे, तुम्हाला मी काय सांगावं?

त्र्यंबकराव : रोज करतो, म्हणूनच मला तुमची शिसारी येते. मी मालक बघितलेत. व्हॉल्व्हला तार बांधणारे बघितलेत, पाचर ठोकणारे बघितलेत. पकडलं की मान तरी खाली घालतात. देवाला कामावर ठेवणारा तुमच्याइतका कुणी भेटला नाही.

राघो : सायेब, मना कलंल असं बोला. वाफोबाचं काय चुकलं?

त्र्यंबकराव : त्याचं काही चुकलं नाही, राघो. दांड्याच्या टोकाला मूळचं एक वजन आहे ना, ते साठ पौंडांचा हिशोब करून टांगलंय. साठ झाले की वाफ त्याला उचलते. त्याच टोकाला आणखी वजन अडकवलं की वाफेला ते उचलत नाही. तुमचा बॉयलर गप झालेला नाही. त्याचं तोंड दाबून धरलंय.

राघो : मंग वाफ जाते कुठं?

त्र्यंबकराव : कुठेच नाही. आत साठते.

राघो : आन् मंग?

त्र्यंबकराव : मग एक दिवस पत्रा फाटतो. त्या वेळी या खोलीत जो असेल, तो उरत नाही.

राघो : खोलीत तं आमी असतो.

भाऊसाहेब : अरे, आजवर झालंय का काही? उगाच भीती घालतायत साहेब.

राघो : दर अवसेला बायका-पोरं येतात पूजेला. माज्या गोदानं हितं नवस केलता, पोरगी झाली. थंडीत त्या पोरीला ह्या भिंतीपाशी निजवते ती. ऊब असते म्हनून.

त्र्यंबकराव : भाऊसाहेब, हे तुम्हाला ठाऊक होतं?

भाऊसाहेब : मी त्यांना या म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांचं तेच करायला लागले. आणि साठ पौंडांत रंगाचे हौद वेळेवर उकळत नाहीत, ऑर्डरी खोळंबतात, हेही बघा ना. आता आपलं राज्य आलंय, साहेब. इंग्रजांसारखं कायद्यावर बोट ठेवून कसं चालेल?

त्र्यंबकराव : तुमचा तो चहा आणलाय ना, तो परत पाठवा. घशाखाली उतरणार नाही.

राघो : भाऊसायेब, एक इचारू? तुमी पूजेला कदी आत नाय आलात.

भाऊसाहेब : मला धूर सोसत नाही.

राघो : परसाद भायेर मागवून घ्यायचात. आन् तुमचं हापिस पयलं ह्या भिंतीच्या पल्याड व्हतं. वाफोबा बसला न् तुमी त्ये फाटकापाशी नेलंत, पार मैदानाच्या टोकाला. आमी म्हनलं, देवाच्या शेजारी बूट घालून बसाया नको म्हनून नेलं. केवरा भाविक मानूस, म्हनलं.

भाऊसाहेब : राघो, तुला कुणी विचारलंय?

राघो : गोदा तुमच्या नावानंबी एक फूल वाहायची.

त्र्यंबकराव : राघो, तो मी उतरवू शकतो, ते माझं कामच आहे. पण मी उतरवला तर बाहेर जाऊन हे सांगतील की साहेबाने देव बाटवला.

राघो : तुमी नका. मीच बसलेला बगितला त्याला, मीच उतरवतो.

(राघो वाफोबाला दांड्यावरून उतरवतो. दांडा उचलला जातो आणि वाफ सुटते. काटा खाली येईपर्यंत तिघांनाही एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.)

त्र्यंबकराव : हा फुसफुसत होता ना पूर्वी, तो तुमच्यासाठी.

राघो : व्हय. न् आमी त्याला शिव्या घालायचो.

त्र्यंबकराव : काय खरवडतोयस?

राघो : शेंदूर. खाली कायतरी कोरलंय. दहा शेर. वर सरकारी शिक्का. कडी बी एका बाजूनं तुटकी. अवो, ह्यो तं मिठागरावरचा दहाशेरी. भाऊसायेबांच्या वडलांच्या वखारीत ह्याच्यावरच मीठ तोलायचे. लय उचललाय मी ह्याला.

त्र्यंबकराव : भाऊसाहेब, बॉयलर आत्तापासून बंद. सर्टिफिकेट मी काढून घेतोय, आणि खटलाही भरतोय. नवीन परवानगी मिळेपर्यंत भट्टी पेटलेली दिसली तर मी पोलीस घेऊन येईन.

भाऊसाहेब : ऐकलंस, राघो? तुमच्या चुली विझवून चाललेत हे. बाहेरच्यांना तूच जाऊन सांग आता.

राघो : सांगतो ना. चूल पेटवाया आमी जित्ते हाव, ह्ये पन सांगतो.

भाऊसाहेब : बरं, बरं. झालं ते झालं. पण विटंबना नको. त्याला हळदकुंकू वाहून खाडीत सोडून ये.

राघो : खारीत कशाला, भाऊसायेब? तुमच्या हापिसात ठेवतो. टेबलावर जरा जागा करा. अवसेला आमी सगली तिकरंच येऊ, बायका-पोरं घेऊन.

भाऊसाहेब : माझ्या ऑफिसात? नको, नको. तिकडे नको.

राघो : घाबरू नका. आथा त्यो निस्ता दहा शेर हाय.