दाजीनं सांगितलेली बॅटरी

आमचं गाव नृसिंहवाडीच्या अलीकडं, नदीकाठचं, घरात दोन पिढ्या नाव चालवायचा धंदा. बाप वल्ही मारायचा, मी तालमीत माती खाल्ली आन् मग इंजनाची नाव घेतली. डोकं मातूर तालमीतच ऱ्हायलं बघा, हात आधी उठायचा, इचार मागनं यायचा.

आता नावेच्या बुडात पाणी साठतंयच की, ते फेकाय पंप, वर दिवं, भोंगा, ह्ये सगळं बॅटरीवर. इंजनाची बॅटरी येगळी. माझा दाजी, थोरल्या आक्काचा नवरा, त्येचं बॅटरीचं दुकान. त्यो म्हणला, पंपाला ट्रॅक्टरची बॅटरी लावू नगोस, ती एक दणका द्यायला आसती, इंजन उठवलं की तिचं काम झालं. दिसभर दमानं चालाय जाड प्लेटांची घे, घरात इन्व्हर्टरला लावत्यात तसली. कुस्तीतच बघ की, एका डावात पाडणारा येगळा आन् तासभर झुंजणारा येगळा. आयला, कुस्तीचं मला ह्यो शिकवणार? चार गिऱ्हाईकं हसली. काय सांगू तुमाला पावणं, मी दाजीच्या थोबाडात हाणली. लग्नात ज्येचं पाय धुतलं, त्येच्या! ओठ फुटला, रगत काउंटरवर. आक्का आतनं पळत आली, म्हणली, माझा भाऊ मेला, परत उंबऱ्यावर पाय ठेवू नगंस. आन् मी रागारागानं ट्रॅक्टरचीच बॅटरी बशिवली, मुद्दाम.

त्याच पावसाळ्यात पूर आला, आक्काच्या गल्लीत छातीएवढं पाणी. बोलावलं न्हाई तरी मी गेलतोच. दुपारी आक्का-दाजी दोघास्नी नावेत घेतलं, वरनं पाऊस नुसता वतत हुता, आन् गल्लीच्या तोंडाला पंपानं आचकं दिलं आन् गप झाला. बॅटरी पार बसलेली. बुडात पाणी भरलं, नाव जड झाली, वळंना, धारंनं वडून एका भिंतीवर आपटली. दाजी हातानं थोपवाय गेला, दुसरी धडक बसली, हात मधी. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकलाय पावणं, एवढ्या पाण्याच्या आवाजात. आक्कानं वल्हं उचललं आन् माझ्या कपाळावर घातलं. परत घातलं. मी म्हणलं, घाल. मग तिनंच पातेलं घेऊन, रडत, आईबापावरनं शिव्या देत पाणी उपसलं, मी एका डोळ्यानं सुकाणू धरलं, दुसरा रगतानं भरला हुता. तिघं काठाला लागलो.

दाजीची तीन बोटं गेली. आता दुकानात बॅटऱ्या उचलाय मीच हाय. कोण नाववाला आला की दाजी माझ्याकडं बघतो. मी सांगतो, बाबा, पंपाला जाड प्लेटांची घे, नीट बांधून बशीव, आन् न्हाई पटलं तर ह्ये कपाळ बघ.

औंदा भाऊबीजंला आक्कानं पाट मांडला. कुंकू बरोबर कपाळावरच्या त्या वल्ह्याच्या खोकंवर लावलं, अंगठा दाबून, लई कळ आली. म्हणली, दुखतंय व्हय रं? म्हणलं, व्हय. म्हणली, दुखू दे. मग ओवाळलं.