वळणावर आज कोण आहे?

नाही हो, माईक ठीक आहे, माझाच आवाज बसलाय… ती खिडकी तेवढी उघडी राहू द्या. दादा, उघडी राहू द्या म्हणते ना! ऊन येतंय तर येऊ दे, मला रस्ता दिसायला हवा. तुम्हाला सांगते, सकाळपासून मी एकच गोष्ट विचारत सुटलेय, गाडीवाल्याला विचारली, हार घेऊन उभ्या असलेल्या मुलीला विचारली, या चैतन्य सरांना तर इतक्यांदा विचारली की ते आता मला बघितलं की फोन कानाला लावतात. सत्काराचा कार्यक्रम लवकर संपेल ना? आज आमचा टँकर आहे हो, याच रस्त्यानं जातो! तर सगळ्यांचं एकच उत्तर, "ताई, टेन्शन घेऊ नका, आजचा दिवस तुमचा आहे, एन्जॉय करा." काय एन्जॉय करू? पाहुणे आत्ता उगवले! समई दोनदा पेटवली, का, तर पहिल्या वेळी फोटो हलला! आणि तिकडं वळणावर कोण आहे? चैतीआजी. एकटी. बाई गं… मी वळणावर होते, तेच बरं होतं.

कुठलं वळण, असं तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. सांगते, भराभर सांगते, म्हणजे मला सुटता येईल. मी प्रतिभा. सूर्यमाळच्या अंगाला आमचा पाडा आहे. त्या फलकावर 'भ्रष्टाचाराला भिडणारी रणरागिणी' असं लिहिलंय ना, फोटोच्या खाली, ती मीच. रणरागिणी! आमच्या ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "अगं, तू तर कुत्र्याला हाड म्हणताना पण आधी इकडंतिकडं बघतेस." खरंय ते. मी कधी कुणाशी भांडले नाही. दहावीपर्यंत शिकले, लग्न झालं, भात, नागली, पोरं, यातच वय गेलं. भिडायला वेळ कुणाला होता?

पण होळी झाली की आमची विहीर बसते. तळाला नुसता चिखल. मग मोखाड्यातून सरकारी टँकर येतो आणि विहिरीत पाणी ओततो, ते आम्ही पोहऱ्यानं शेंदायचं. यंदा टँकर यायचा, पण पाणी येईना! म्हणजे पाइप सोडला की थोडा वेळ धार, मग घरघर, की संपलं. ड्रायव्हर आहे रोहिदास. गोड माणूस हो, अगदी गोड. "काय करू मावशी, टाकी गळते, रस्ता खराब, उडून जातं पाणी." आम्ही म्हटलं, असेल बाबा.

तर आमच्या पाड्यातली चैतीआजी एक दिवस लाकडं घेऊन येत होती. टाकी गळते हे खरंच होतं, धुळीत ओली रेघ पडत येते टँकरच्या मागं. आणि ती रेघ वळणावर आमच्याकडं न वळता आधी गेली होती उजवीकडं! उजवीकडं काय? ते नवीन तंबूंचं रिसॉर्ट. तिथं पोहायचा तलाव आहे. डोंगरावर, उन्हाळ्यात, पोहायचा तलाव! आजी घरी येऊन मला म्हणते, "बाय, टाकी गळते ते बरंच झालं. नायतर कुठं जाते ते कळलंच नसतं."

मग आम्ही काय केलं? काहीच नाही हो! मोर्चा नाही, घोषणा नाही. आमच्याकडं विहिरीवर हंड्यांची रांग असते. बाई रानात असो, मजुरीला असो, बाळंत असो, तिचा हंडा रांगेत उभा म्हणजे ती उभी. दुसरीच्या हंड्याला हात लावायचा नाही. जावाजावांची तोंडं बघायची नाहीत अशी भांडणं असतात, पण हंडा? नाव नको. ज्याच्या गळ्याला जिच्या रंगाची चिंधी, तो तिचा, आणि त्याची जागा ती त्याची जागा. तर आम्ही ती रांग विहिरीवरून उचलली आणि जशीच्या तशी नेऊन ठेवली वळणावर, रिसॉर्टच्या रस्त्याला आडवी. आम्ही पलीकडं झाडाखाली बसलो. बस्स.

रोहिदास आला, थांबला, खाली उतरला. "मावशी, हंडे बाजूला घ्या." मी म्हटलं, "ज्याचे त्याचे आहेत रे, मी कसा हात लावू?" तो शेजारी बसलेल्या कमूला म्हणाला, कमूनं तेच सांगितलं. मंगळीनं तेच सांगितलं. तो बिचारा डोक्यावर हात मारत रांगेच्या या टोकाला, त्या टोकाला… हंड्यांवरून गाडी घालायची छाती कुणाची आहे? शेवटी वळवला डावीकडं, आणि त्या दिवशी विहिरीत जो आवाज झाला पाण्याचा! चैतीआजी काठावर बसून नुसती ऐकत होती. दर खेपेला आम्ही तेच करायला लागलो. दर खेपेला भरला टँकर.

आमचे सुदर्शन गुरुजी मोटरसायकलवरून चालले होते, त्यांनी फोनमध्ये घेतलं आणि सोडलं सगळीकडं. चांगल्या मनानंच केलं. पण त्यातनं आले चैतन्य सर.

हे बसलेत ना, निळा कुर्ता, ते. साबणाच्या कंपनीची जाहिरात करतात. आमच्या अंगणात खाटेवर बसले आणि म्हणाले, "ताई, आज लोक साबण घेत नाहीत. लोक भूमिका घेतात." मी म्हटलं, आमच्याकडं साबणच घेतात. तर हसले. मग म्हणाले, "आम्ही अभ्यास केलाय. झाडं लावणं एका कंपनीनं धरलंय, मुलींचं शिक्षण दुसरीनं, पाळीव कुत्री तिसरीनं. भ्रष्टाचार अजून मोकळा आहे!" मोकळा आहे! म्हणजे एसटीत खिडकीची जागा मोकळी असते तसा! "स्वच्छ हात, स्वच्छ कारभार. साबणाला याहून चांगलं काय मिळणार, ताई? तुम्ही टँकर अडवायचा, पाणी उसळणार, सगळ्या बाया फेसानं हात धुणार, आणि तुम्ही कॅमेऱ्यात बघून म्हणायचं, 'मी गप्प बसणार नाही!'"

मी म्हटलं, "पण सर, मी गप्पच बसले होते."

ते म्हणाले, "ते आपण सुधारून घेऊ."

आता मी नको का नाही म्हटलं? तुम्ही विचाराल. मला वाटलं, चार लोक बघतील, वरपर्यंत जाईल, टँकरवर कुणी लक्ष ठेवील, मग आम्हाला दर खेपेला वळणावर बसायला नको, पोरी सुखानं मजुरीला जातील. खरंच वाटलं हो तसं. चैतीआजी एवढंच म्हणाली, "तुला काय ठावं त्यांना काय पायजे? मी नाय येत." आणि नाही आली. तिचं ऐकायला हवं होतं. मी वळणावर होते, तेच बरं होतं.

शूटिंगच्या दिवशी पहिली गोष्ट काय? "ताई, हे वळण चालत नाही. मागं डोंगर दिसत नाही." घेतलं आम्हाला विहिरीजवळच्या माळावर. दुसरी गोष्ट, टँकर. तर तो कुणाचा आणावा? रोहिदासचाच! "खरा पाहिजे ताई, लोकांना खोटं लगेच कळतं." आणि त्यात पाणी कुठलं? आमच्या त्या दिवशीच्या खेपेचं! मी म्हटलं, "सर, हे प्यायचं आहे." "शेवटी विहिरीतच जाणार आहे, ताई, फक्त जरा कॅमेऱ्यातून जाऊ दे." आणि वाईट ड्रायव्हर कोण? मुंबईचा एक नट, मिशा लावलेला, डोळे वटारणारा. रोहिदास चहा पीत त्याच्याकडं बघत होता, शेवटी राहवेना, जाऊन त्याला शिकवायला लागला, "भाऊ, असं दातओठ नाही खायचे. बाया लगेच भडकतात. प्रेमानं बोलायचं. 'मावशी' म्हणायचं. बघा, असं… मावशी, काय करू, टाकी गळते." चैतन्य सर ओरडले, "वा! हे ठेवा!"

आणि मग ते हंडे.

मी तिकडं बाजूला उभी, एक मुलगी माझ्या गालाला माती लावतेय, म्हणजे मी घरी लागलेली धुऊन आले होते ना, तर ती परत लावतेय, आणि इकडं त्यांची माणसं हंडे उचलतायत! स्टीलचे पुढं, पितळी मध्ये, प्लॅस्टिकचे सगळे कॅमेऱ्याच्या मागं. "रंग भडक दिसतात, ताई!" चिंध्या सोडल्या. सोडल्या हो! "कचरा दिसतो." मी ओरडले, "दादा, हात नका लावू, ती रांग आहे!" तो म्हणतो, "मी पण रांगच करतोय, ताई. सुंदर रांग."

पाणी उसळलं, आम्ही हात धुतले. कट! फेस कमी आला. परत उसळलं, परत धुतले. कट! एक बाई हसली. परत. मातीतून पाणी वाहत चाललंय, आमच्या पायाखालून, आणि आम्ही हातांना साबण फासून उभ्या. कमू मला हळूच म्हणते, "प्रतिभाताई, एवढे हात कशाचे धुतोय गं आपण?" आणि सर म्हणतात, "चेहऱ्यावरचा हा राग! ठेवा, ठेवा!"

मग उरलंसुरलं विहिरीत सोडलं. आणि कुणाचा नंबर कुठं, सांगा बरं? चिंध्या नाहीत, रांग नाही. कमू म्हणते मी मंगळीच्या पुढं, मंगळी म्हणते मी कमूच्या. मंगळीनं कमूचा हंडा उचलून बाजूला ठेवला. दुसरीचा हंडा! आमच्या पाड्यात! कमूनं तो हिसकला, तो दगडावर आपटून चिरला, आणि त्यानंतर जे शब्द निघाले ते मी इथं माईकवर सांगणार नाही. रोहिदास पाइप गुंडाळत होता. त्यानं सगळं बघितलं. हसला नाही. मला त्याच्या त्या न हसण्याचीच भीती वाटली.

पुढच्या खेपेला वळणावर आम्ही तिघी. त्याच्या पुढच्या खेपेला मी आणि आजी. दोन हंड्यांनी काय रस्ता अडतो? अर्धी टाकी उजवीकडं, अर्धी डावीकडं, असं रोहिदासनंच ठरवून टाकलं. "मावशी, तुम्ही मोठी माणसं झालात आता, तुमचा मान ठेवतो."

मान! त्या एसटी स्टँडसमोर माझा फोटो लागलाय, घराएवढा. 'मी गप्प बसणार नाही.' माझ्या हातात साबण. भर उन्हात रोहिदास टँकर कुठं उभा करतो, माहीत आहे? त्याच्या सावलीत. मला म्हणाला, "तुमच्या कृपेनं गाडी थंड राहते."

आजच्यासाठी मात्र मी सगळ्यांच्या पाया पडले होते. कमूच्या, मंगळीच्या. म्हटलं, चिंध्या परत बांधू, रांग परत लावू, सगळ्या जणी वळणावर बसू. दोघी हो म्हणाल्या! किती दिवसांनी एकमेकींकडं बघितलं त्यांनी! आणि सकाळी दारात कंपनीच्या जीप. "सत्कार सगळ्या टीमचा आहे, ताई! सगळ्यांना साड्या, जेवण. टँकर निघायच्या आत सोडतो." या बघा पुढच्या रांगेत, सगळ्या एकाच रंगात. चैतीआजी तेवढी जीपमध्ये चढली नाही. "तुमचा हार तुम्ही घाला, मी हंडा ठेवते." म्हणून म्हणते, आता मला सोडा, आभार मानते, झालं माझं…

काय? अजून बोलू? चॅनेलवाले यायचेत? अहो सर, पण टँकर… बरं, गाडी तरी काढून ठेवा. गाड्या चॅनेलवाल्यांना आणायला गेल्या? दोन्ही?

थांबा. थांबा जरा. पंखा बंद करा कुणीतरी… ऐकलात हॉर्न?

रोहिदास आहे. तो बघा, खिडकीतून दिसतोय. भरलेला आहे, टायर दबलेत, बघा. हळू केली गाडी… आत बघतोय. माझ्याकडं बघितलं. कमूकडं. मंगळीकडं. एकेकीकडं बघतोय हो, सगळ्या आहेत का म्हणून… आहेत रे बाबा, सगळ्या आहेत. हात केला मला! हसून हात केला.

गेला.

कमू, उठू नकोस गं. मंगळी, तू पण बस. पायी कुठं गाठणार? आजी आहे तिथं. तो उतरेल, "आजे, ऊन लागेल, सावलीत बस" म्हणेल, तिचा हंडा उचलून कडेला ठेवील. नीट ठेवील, आपटू देणार नाही, गोड माणूस आहे तो. आणि वळेल उजवीकडं.

नाही सर, चिडले नाही. बोलते ना. चॅनेलवाले येईपर्यंत बोलते, ते आल्यावर परत बोलते, समई पण परत पेटवा हवी तर. आता मला कसली घाई? ती खिडकी तेवढी लावून घ्या, दादा… ऊन येतंय.